पिवळ्या पुस्तकात नसलेला रकाना

आठव्या दिवशी हौसाबाईंनी चोळीची बाही वर सरकवली, तेव्हा त्यांच्या डाव्या दंडावर काहीही नव्हतं. फोड नाही, खपली नाही, साधी लालीसुद्धा नाही. मी त्यांना खिडकीजवळ नेलं आणि उजेडात हात पुन्हा पाहिला.

“दुखलं होतं का?”

“न्हाई.”

“खाज?”

“याक दिस आली हुती. मंग गेली.”

मागे त्यांचे मालक उभे होते. लष्करातून हवालदार होऊन रिटायर झालेले, मिशा अजून ड्यूटीवर असल्यासारख्या. ते खूश होऊन म्हणाले, “म्हंजी ब्येस झालं न्हवं, सायेब? कायबी तरास न्हाई झाला.”

बेस काहीच झालं नव्हतं. पाच दिवसांनी बाईंचं विमान होतं, आणि दंडावर फोड आल्याशिवाय मला त्यांना मोकळं करता येत नव्हतं.

हे सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडचं आहे. मी तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत आरोग्य अधिकारी होतो. गावाचं नाव सांगत नाही. वय एकतीस. बायको-मुलगी सांगलीला, मी इकडे एका खोलीत. कामं म्हणजे गटारं, पाण्याच्या टाकीतलं क्लोरीन, मटणाच्या दुकानांची तपासणी. यात मिरवण्यासारखं काही नाही. पण एका कामाचा मला भलताच अभिमान होता. परदेशी जाणाऱ्यांना लागणारं पिवळं पुस्तक आमच्या ऑफिसात भरून मिळे.

आजच्या वाचकाला हे पुस्तक माहीत असणार नाही. पासपोर्टपेक्षा थोडं लहान, पिवळ्या कव्हरचं. त्यात देवीची लस आणि कॉलऱ्याचं इंजेक्शन घेतल्याची नोंद असे. पासपोर्ट आहे, व्हिसा आहे, तिकीट आहे आणि हे पुस्तक नाही, तर विमान कंपनी विमानात घेत नसे. आणि डॉक्टरची नुसती सही चालत नसे. सरकारनं मंजूर केलेला गोल शिक्का त्यावर लागे. आमच्या भागात तो माझ्याकडे होता. मी तो कपाटात कुलपात ठेवी आणि किल्ली जानव्याला बांधी. यावरून माझा तेव्हाचा स्वभाव लक्षात यावा.

गंमत अशी की देवीचा रोग तोवर आपल्याकडून गेला होता. ‘देवीचा रोगी दाखवा, बक्षीस मिळवा’ अशी पत्रकं आमच्या भिंतीवर पिवळी पडत आली होती, आणि एकही माणूस बक्षीस न्यायला आला नव्हता. तरी आखातातले देश सर्टिफिकेट मागतच होते.

आता त्या पुस्तकातल्या दोन ओळी सांगतो. सगळं प्रकरण त्या दोन ओळींचं आहे. पहिली ओळ ‘प्रायमरी’, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच टोचलं. यात आठ दिवस थांबायचं, फोड आला का ते पाहायचं, आला तर ‘सफल’वर खूण करायची. मगच सर्टिफिकेट लागू. दुसरी ओळ ‘रिव्हॅक्सिनेशन’, म्हणजे पूर्वी लस घेतलेल्याला परत टोचलं. यात थांबायचं नाही, फोड बघायचा नाही. आज टोचलं, आजच लागू. तळाला बारीक अक्षरात लिहिलेलं असे की खाडाखोड केली तर सर्टिफिकेट रद्द.

हौसाबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा दोघंही आनंदात होते. माण तालुक्यातलं दहिवडीच्या पुढचं त्यांचं गाव. एकुलती एक लेक सुमन. मिरजेला नर्सिंग शिकली, आखातातल्या एका देशात हॉस्पिटलात लागली, नवराही तिथेच एका कंपनीत टायपिस्ट. आता तिला सातवा संपत आला होता आणि रजा मिळत नव्हती.

“पयलं बाळातपान म्हायारी आसतंय, डाक्टर,” हौसाबाई मला समजावून सांगत होत्या. “तिला काय येता येईना. मंग म्हनलं, म्हायारच तिकडं जातंय.”

पासपोर्ट व्हायला चार महिने गेले होते. पोलीस चौकशी, दाखले, मुंबईच्या खेपा, सगळं हवालदारांनी शिस्तीत पार पाडलं होतं. जावयानं व्हिसाचा कागद पाठवला होता. एकाच माणसाचा. तिकीट होतं. फक्त पिवळं पुस्तक उरलं होतं, आणि ते काय, सरकारी दवाखान्यात टोचून घ्यायचं, असं त्यांना वाटत होतं.

मी पेन उघडून विचारलं, “मावशी, यापूर्वी देवी टोचल्यात का?”

“न्हाई वो,” त्या म्हणाल्या. “म्या ल्हान हुते तवा देवी आई आल्या हुत्या. लय झालं हुतं. डोळं वाचलं ह्येच नशीब. मंग गावात देवी डाक्टर यायचा, त्यो माज्याकडं बगून म्हनायचा, हिला आईनंच टोचलंय, फुडं चला. आमच्यात बी मानत्यात, आईनं ज्याला हात लावला त्येला परत सुई लावू ने. तिला राग येतो.”

त्यांचा चेहरा देवीच्या वणांनी भरलेला होता. कपाळ, गाल, नाकाचा शेंडासुद्धा. खोलीत शिरल्या तेव्हा दारातूनच ते दिसलं होतं. मी त्यांचे दोन्ही दंड पाहिले. लस टोचल्याची खूण कुठेच नव्हती.

आमचे व्हॅक्सिनेटर मुल्लाभाई शेजारी सुई उकळत होते. तेवीस वर्षं गावोगाव सायकलवरून हिंडून लोकांना टोचलेला माणूस. त्यांनी मला बाजूला घेतलं.

“साहेब, ‘रिव्हॅक्सिनेशन’ लिहा. आजच मोकळ्या होतील.”

“यांना आधी टोचलंय कुठे?”

“तोंड बघा की, साहेब. ह्यापरास मोठं टोचणं कुठलं असतंय?”

“ते टोचणं नाही, मुल्लाभाई. तो रोग.”

“रक्ताला काय फरक पडतो?”

रक्ताला काहीच फरक पडत नव्हता. देवी येऊन गेलेल्याला लस घेतलेल्यापेक्षा पक्कं संरक्षण असतं, हे मी एमबीबीएसला शिकलो होतो. पण दोन महिन्यांपूर्वी वरून एक सर्क्युलर आलं होतं. पिवळ्या पुस्तकांत खोट्या नोंदी होतात, यापुढे अधिकारी वैयक्तिक जबाबदार. ते मी टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. ‘पूर्वी लस घेतली आहे’ असं मी लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं. मी ‘प्रायमरी’वर खूण केली.

फोड येईल असं मला खरंच वाटलं होतं. लहानपणी येऊन गेलेल्या देवी, तीस-पस्तीस वर्षं लोटली की संरक्षण कमी होतं, लस थोडी तरी उमटते. विमानाला तेरा दिवस होते. आठ दिवसांत काम होतंय, मग उगाच खोटं कशाला लिहा, असा माझा विचार. हौसाबाईंनी मनातल्या मनात देवीची माफी मागितली असावी. सुई लागताना त्यांनी डोळे मिटून हात जोडले होते.

तर आठव्या दिवशी दंड कोरा निघाला.

मुल्लाभाई माझ्याकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, “‘सफल’ करून टाका, साहेब. कोण बघतंय?”

मी ‘असफल’वर खूण केली. जे दिसलं तेच लिहिलं.

जिल्ह्याच्या साहेबांना फोन लावला. ते वयानं मोठे, कामाला कंटाळलेले गृहस्थ.

“सर, पेशंट इम्यून आहे. देवी येऊन गेल्यात. लस उमटणारच नाही.”

“मग?”

“पुस्तकात तसं लिहायला रकाना नाही.”

“रकाना नाही तर लिहू नका.”

“पण ती जाणार कशी?”

“नियमात काय आहे? असफल झालं तर पुन्हा टोचा. पुन्हा आठ दिवस थांबा.”

“पुन्हाही नाही उमटणार, सर.”

“ते आठ दिवसांनी बघू,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी हवालदारांना सांगितलं की तिकीट पुढे ढकलावं लागेल. माणूस शिस्तीतला. वरच्यानं सांगितलं की का म्हणून विचारायचं नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. तरी म्हणाले, “मला फौजेत धा-बारा येळा टोचलं, सायेब. कवा कुनी हात परत बगितला न्हाई.”

“तुमचं रिव्हॅक्सिनेशन होतं.”

“आन हिचं?”

“प्रायमरी.”

ते मान हलवून गेले. पोस्टातून मुंबईच्या एजंटला ट्रंककॉल केला आणि तिकीट आठ दिवस पुढे ढकललं. बाळंतपणाला अजून वेळ होता म्हणून कोणी फारसं घाबरलं नाही. मीही नाही. मी हौसाबाईंना पुन्हा टोचलं. या खेपेला उजव्या दंडावर, लसीत बुडवलेली सुई पंधरा वेळा टोचून. त्या म्हणाल्या, “आता तरी येऊ द्या म्हनावं,” आणि हसल्या.

बाराव्या दिवशी हवालदार एकटेच आले. सकाळची एसटी धरून आले होते, पायात पायताण होतं पण डोक्याला पटका नव्हता. हातातली तार त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. सुमन सीरियस, आईला ताबडतोब पाठवा.

जावयाचं पत्र मागून आलं तेव्हा सगळा उलगडा झाला. पण तारेवरूनही डॉक्टरला अंदाज येतो. सातवा संपलेली, पहिलटकरीण, अंगावर सूज, मग रक्तदाब वाढून झटके. त्या काळात यातून बाई वाचणं दैवावर असे.

“मंडळी स्टँडावर बसलीया,” हवालदार म्हणाले. “गाठुडं घिऊनच निगालो. सायेब, कायबी करा. आज मुंबय गाठायची.”

मी कॅलेंडर पाहिलं. पहिल्या तिकिटाप्रमाणे विमान दुसऱ्याच दिवशी होतं. ते तिकीट मीच पुढे ढकलायला लावलं होतं.

मुल्लाभाईंनी कपाटातून नवं कोरं पुस्तक काढलं. न विचारता. हौसाबाईंचं नाव, पासपोर्टचा नंबर, सगळं स्वच्छ अक्षरात भरलं, ‘रिव्हॅक्सिनेशन’वर खूण केली आणि माझ्यासमोर धरलं. “साहेब, आता तर दोनदा टोचलंय. खोटंसुद्धा नाही हे.”

हा क्षण मी हजार वेळा आठवला आहे. मला नक्की काय झालं होतं? भीती होती, नोकरी जाईल ही. पण नुसती भीती असती तर मी स्वतःला माफ केलं असतं. त्याहून वाईट होतं ते. मला वाटलं, मी डॉक्टर आहे, सत्य माझ्या बाजूला आहे, मग खोट्या खुणेचा आधार कशाला? मी खरं काय ते लिहून देईन आणि जगाला ते मानावंच लागेल. नियमांतही एक वाट होती: लस देता येत नसेल तर डॉक्टरनं कारण लेखी द्यावं, समोरच्या अधिकाऱ्यानं ते विचारात घ्यावं. मी ते नवं पुस्तक बाजूला सारलं, लेटरहेड घेतलं आणि इंग्रजीत दोन पानी पत्र लिहिलं. बाईंना बालपणी देवी आल्या होत्या, संपूर्ण चेहऱ्यावर वण स्पष्ट दिसतात, त्या पूर्ण सुरक्षित आहेत, लस उमटणं शक्य नाही, जवळच्या नातेवाइकाच्या गंभीर आजारामुळे प्रवास तातडीचा आहे. खाली सही, गोल शिक्का. पत्र झकास झालं होतं. मी ते एकदा मोठ्यानं वाचलंसुद्धा.

“चालंल न्हवं ह्ये?” हवालदारांनी विचारलं.

“चाललंच पाहिजे,” मी म्हणालो.

पुढचं मला त्यांनी नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मुंबईत, विमानतळावर, ज्या विमानातून आधीच जायचं होतं त्यातच एक जागा रिकामी होती. काउंटरवरच्या माणसानं पासपोर्ट घेतला, व्हिसा पाहिला आणि पिवळं पुस्तक मागितलं. त्यात ‘असफल’ वाचून त्यानं पुस्तक परत सरकवलं. हवालदारांनी पत्र पुढे केलं. त्यानं पहिल्या चार ओळी वाचल्या आणि पासपोर्ट पुन्हा उघडला. म्हणाला, यात लिहिलंय चेहरा वणांनी भरलाय. फोटोत तर एकही वण नाही.

खरंच नव्हता. दहिवडीच्या फोटोवाल्यानं फोटो काढला होता, आणि आमच्याकडचा कोणताही भला फोटोवाला करतो तेच त्यानं केलं होतं. निगेटिव्हच्या काचेवर बारीक पेन्सिल फिरवून बाईंचा चेहरा साफ करून दिला होता. वर पैसेही जास्त घेतले नव्हते. आणि पासपोर्टच्या फॉर्मवर ‘ओळखीची खूण’ लिहिताना हवालदारांनी बायकोच्या चेहऱ्यावरचे वण लिहिले नव्हते. ते लिहायला त्यांना कसंसंच वाटलं. ‘हनुवटीवर तीळ’ असं लिहिलं.

“म्या म्हनलं त्येला, आवं ही उबी हाय न्हवं म्होरं? तोंडाकडं बगा की हिच्या! त्यानं बगितलंच न्हाई, सायेब. म्हनला, कागद जुळत न्हाईत.”

त्या देशातून बाईला परत पाठवलं तर खर्च कंपनीच्या अंगावर येतो, असंही तो म्हणाला. त्याचंही बरोबर. त्यानंसुद्धा जे लिहिलेलं होतं तेच वाचलं. विमान हौसाबाईंच्या देखत गेलं.

मग एजंटानं एका गल्लीत नेलं. तिथे एका खोलीत एक माणूस पिवळी पुस्तकं घेऊन बसला होता. त्यानं बाईंना टोचलं नाही, दंड पाहिला नाही, काही विचारलं नाही. पाच मिनिटांत पुस्तक भरून दिलं. रिव्हॅक्सिनेशन. शिक्का कुठल्या ऑफिसचा होता देव जाणे. पुढचं विमान तीन दिवसांनी होतं. त्यातून हौसाबाई गेल्या. इथे कोणी अडवलं नाही, तिथेही नाही.

सुमन आदल्या दिवशी गेली होती. जावयानं पत्रात लिहिलं होतं की मधले दोन दिवस ती चांगली शुद्धीवर होती आणि आई निघाली का, एवढंच विचारत होती. मूल वाचलं. मुलगी.

हे पत्र हवालदारांनी मला आणून दाखवलं. वाचून झाल्यावर मी ते घडी घालून परत दिलं. उठताना त्यांनी सवयीनं सलाम केला, तो मला आजही खुपतो.

तीन-साडेतीन महिन्यांनी व्हिसाची मुदत संपल्यावर हौसाबाई नातीला घेऊन परत आल्या. जावयाला नोकरी सांभाळून तान्हं मूल सांभाळणं जमणारं नव्हतं. आणि एके दिवशी त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. मांडीवर मूल घेऊन समोर बसल्या. त्या बऱ्याच वाळल्या होत्या. मुल्लाभाई कपाट आवरायला म्हणून आतल्या खोलीत निघून गेले.

“हिला टोचा,” त्या म्हणाल्या. “आन नीट लिवून द्या. हिचं कुटं आडाय नगं.”

मी टोचलं. पोर एकदा कळवळून रडली आणि गप्प झाली. मग माझ्यानं राहवेना. मी म्हणालो, “मावशी, माझं चुकलं. त्या दिवशी मी दुसरी खूण केली असती तर तुम्ही वेळेवर पोचला असता.”

त्या पोरीच्या दंडावर फुंकर घालत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “तुमचं कसं चुकंल, डाक्टर? तुमी खरं त्येच लिवलं. तुमी इचारलं तवा मीच खोटं बोलाय पायजे हुतं. व्हय, टोचलंय, आसं म्हनायचं. येवडंच हुतं. मला कळलं न्हाई बगा.”

त्या मला टोमणा मारत नव्हत्या. मारला असता तर बरं झालं असतं. त्यांची खरोखरच समजूत झाली होती की लेक आपल्या एका शब्दापायी आईविना गेली. मी खूप बोललो. नियम समजावले, चूक माझीच कशी ते दोन-तीनदा सांगितलं. त्या मान डोलावत राहिल्या आणि शेवटी पोरीला उचलून एसटीच्या वेळेला निघून गेल्या. आठव्या दिवशी हवालदार नातीला घेऊन आले, तेव्हा त्या आल्या नाहीत.

त्यानंतर देवीचे वण असलेलं माणूस समोर आलं की मी प्रश्न विचारत नसे. रिव्हॅक्सिनेशन, सही, शिक्का. अशी किती पुस्तकं दिली ते सांगत नाही. एकाही नोंदीबद्दल मला कधी कोणी जाब विचारला नाही. सर्क्युलर काचेखालीच होतं. पुढे दोन-तीन वर्षांत ती अटच उठली, आणि मी शिक्का वर जमा करून पोच घेतली.

खरं लिहिताना ते कुणाला महाग पडणार आहे हे आधी बघून घ्यावं, एवढं मी त्या नोकरीत शिकलो. शिकवणीची फी मात्र दुसऱ्याच्या घरातून गेली.